मोडेम, मिक्सर आणि गोप्या

मुलांनो, बाळाच्या बारशाच्या दिवशी आम्ही तुम्हाला पडद्यावर दिसलो ते अगदी शेवटी. आत्या नवी साडी नेसून बसलेली, मागे शेजारच्या बायका, बाजूला फुलं बांधलेला पाळणा. तुम्हाला वाटलं असेल, आजीकडे सगळं कसं वेळेवर आणि जिथल्या तिथे असतं. ते तसंच वाटू द्यावं, असा मोह मला झाला होता. पण तुमचे आजोबा ही हकीकत मुरुडच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले आहेत. त्यांच्या तोंडून मीठमसाला लागून ती तुमच्यापर्यंत यायच्या आत मीच लिहिलेली बरी.

माझ्या घरात प्रत्येक वस्तूला खोळ असते. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, आणि जे हवा खात नाही ते मुंग्या खातात, म्हणून टेबलफॅनला खोळ, शिलाई मशीनला खोळ, टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी. शिवाय प्रत्येक वायरला आणि बटणाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी असते, आणि ती इंग्रजीत असते. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, त्याचा या घरात एवढाच उपयोग उरला आहे.

तर बारशाच्या आदल्या दिवशी वायफाय बंद पडलं. भिंतीवर दोन डबे आहेत, ते तुम्ही पाहिलेत. बाहेरची केबल येते ती मोडेममध्ये, आणि मोडेममधून एक वायर जाते राउटरमध्ये. मग राउटर घरभर वायफाय वाटत बसतो. राउटरचे सगळे दिवे गेले होते. त्याला मी निळ्या खणाची फार सुरेख खोळ शिवली होती, खाली नाडी, वर अँटिनांसाठी काजं. ती काढली तर आतून मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून बाहेर पडू लागल्या. ऊब, अंधार आणि वर कापडाचं छप्पर. बाळंतिणीची खोली याहून वेगळी काय असते? राउटरला जळका वास येत होता.

आजोबांनी स्टँडवर जाऊन कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, परवा येतो. तो नेहमीच परवा येतो.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, ते सांगते. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तुम्हा दोघांच्या कानात तिनंच कुर्र केलं होतं, तुम्हाला मांडीवर घेऊन. या वेळी व्हिसा वेळेत आला नाही आणि तिचं तुमच्याकडे परदेशी जाणं राहिलं. मग तुमच्या बाबांनी ठरवलं की तिनं इकडून, पडद्यावरूनच नाव ठेवायचं. नावही तिनंच निवडायचं. तिनं ते कितीतरी आधी निवडलं होतं, पण कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी आडून आडून विचारून पाहिलं. शाळेत वर्षानुवर्षं परीक्षेचे पेपर न फोडता सांभाळलेली बाई ती, मला काय दाद देणार? बारशासाठी रजा घेऊन ती म्हसळ्याहून एसटीने आली, ती पिशवीत बाळासाठी विणलेलं टोपडं आणि डोक्यात ते नाव घेऊन.

आणि आली तर घरात इंटरनेट नाही. मोबाइल म्हणाल, तर आपलं घर डोंगराच्या पोटात. इथे फोनला कधी रेंज मिळालेली नाही. ती मिळते स्टँडवर, तीही एका विशिष्ट बाकाजवळ. बारशाच्या दिवशी सकाळीच ती तिथे जाऊन तुमच्या बाबांशी बोलून आली. येताना तोंड उतरलेलं होतं.

"दादा म्हणाला, पाहुणे यायचे आहेत, सगळ्यांना पुढे कामावर जायचंय, फार थांबता येणार नाही," ती म्हणाली. "जोडणी झाली नाही तर वहिनीची मैत्रीण आत्या म्हणून बसेल."

"आणि नाव?" मी विचारलं.

"त्यांनी एक धरून ठेवलंय. तसंच काही झालं तर."

वन्सं कोथिंबीर निवडत ऐकत होत्या. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तुम्ही त्यांना पाहिलंत ते झोपाळ्यावर, पण एरवी त्या झोपाळ्यावर फार वेळ नसतात. त्या म्हणाल्या, "त्यात काय? त्या वेळेला स्टँडवर जा आणि फोनवर सांग. नाव ते नाव."

"मोठ्या आत्या, मी कुर्र करेन आणि मागे कंडक्टर 'श्रीवर्धन, श्रीवर्धन' ओरडेल. बाळाचं नाव श्रीवर्धन पडेल."

"पडू दे. पेशव्यांचं गाव आहे."

ती हसली नाही. उठली आणि माळ्यावरून पाळणा काढू लागली. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला धुऊन, पुसून, कुंची घालून बाळासारखं सजवायचं. त्याचं नाव गोप्या. बाळ तिकडे असलं तरी गोप्या इकडे हवा, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत, असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं. तिनं आपला पाट्यावरचा वरवंटा धुतला, विणलेलं टोपडं त्याला घातलं, दुपट्यात गुंडाळला आणि पाळण्यात ठेवला. इंटरनेट येणार की नाही हे एकदाही न विचारता ती हे सगळं करत होती. तेव्हा मी पदर खोचला.

माझा विचार साधा होता. राउटर मेला, पण मोडेम जिवंत आहे. मग राउटरकडे जाणारी वायर तिथून काढायची आणि सरळ कॉम्प्युटरमध्ये घालायची. मधला माणूसच काढून टाकायचा.

आजोबा म्हणाले, "मला आयुष्यभर सुपारीचा दलाल काढता आला नाही. तू राउटर काढतेस?"

"राउटरला बोलता येत नाही," मी म्हटलं. "म्हणून त्याला काढता येतं."

थोरले, मागच्या सुट्टीत तू त्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलंस. तू म्हणाली होतीस, "आजी, आता हा तुझ्याइतका टुणटुणीत आहे." तो आहेच. अडचण त्याच्या पाठीमागे होती. पावसाळ्यात कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात चिखल भरून ठेवते, म्हणून कॉम्प्युटरच्या मागच्या प्रत्येक भोकात मी कापसाचे बोळे घातले होते. अत्तराचा फाया कानात घालतात तसे, पण दाबून. ते भुवयांच्या चिमट्याने एकेक उपसले, वायर घातली, खट्ट आवाज आला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पडद्याच्या कोपऱ्यात चक्र फिरू लागलं. जोडत आहे, असं इंग्रजीत लिहून आलं. थोड्या वेळाने, जोडता आलं नाही. पुन्हा जोडत आहे. पुन्हा जोडता आलं नाही. एवढ्या सभ्य भाषेत नकार मला याआधी फक्त बँकेने दिला होता.

मग मी सेटिंग्ज उघडली. इंग्रजी समजलं म्हणजे विषय समजला, हा आमच्या पिढीचा एक खास गैरसमज आहे, आणि तो मी तिथे मनसोक्त जोपासला. गेटवे म्हणजे प्रवेशद्वार. मास्क म्हणजे मुखवटा. लीज म्हणजे भाडेपट्टा. प्रत्येक शब्द मला कळत होता. प्रवेशद्वारावर मुखवटा घालून कोण उभं आहे आणि भाडेपट्टा कुणाचा, एवढंच कळत नव्हतं. तू शिकवलेली काळी खिडकीही उघडून पाहिली. तिनं पासवर्ड मागितला. मी टाइप करते, तर पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही, काही नाही. मला वाटलं कीबोर्डही मुंग्यांनी खाल्ला. मी बोटाने एकेक कळ दाबत, मोठ्याने म्हणत पासवर्ड घातला. आता तो वन्संनाही पाठ आहे.

दुपारी तुमची आत्या पुन्हा स्टँडवर जाऊन आली. "दादा म्हणतो, मोडेम बंद करून चालू करा."

आता नीट ऐका, कारण माझ्या शहाणपणाचा कळस इथे आहे. मोडेमचा प्लग समोर होता. त्याचं बटणही समोर होतं. पण त्या बटणावर माझ्याच हातची, ठळक अक्षरातली इंग्रजी चिठ्ठी होती: हे कधीही बंद करू नये. आजोबा रात्री घरातली बटणं बंद करत फिरतात, त्यांच्यासाठी ती लावली होती. ती चिठ्ठी वाचली आणि माझा हात मागे आला. घरातला नियम मीच केलेला, मीच मोडला तर उद्या कोण पाळणार? शिवाय एवढ्या मोठ्या कामाला एवढंसं बटण मला अपुरं वाटलं. काम करायचं तर मुळापासून. मी पडवीत गेले आणि सबंध घराचं मेन बंद केलं.

पंखे फिरत राहिले, दिवे तसेच राहिले, कारण घरात इन्व्हर्टर आहे. आपल्या किनाऱ्यावर वारा जरा जोरात आला की वीज जाते, त्यामुळे इन्व्हर्टर नाही असं घर सापडायचं नाही. फ्रिज, पंप आणि स्वयंपाकघर तेवढं बंद झालं. तुमच्याशी बोलताना मध्येच वीज जायची म्हणून मोडेमही इन्व्हर्टरवर घ्यायला मीच वायरमनला लावलं होतं. मेन बंद करून मी आत आले, तर मोडेमचे दिवे हिरवेगार. आणि मुलांनो, ते पाहून मला समाधान वाटलं. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात भरवशाचं यंत्र.

वाडीतून आजोबा आले. "अगं, पंप बंद पडला."

"मी पाडला आहे. मोडेम बंद करून चालू करायचा आहे."

"मग पंप कशाला?"

"सगळंच बंद करून चालू करायचं. एकेक करत बसलं की काहीतरी राहून जातं."

त्यांनी मोडेमच्या हिरव्या दिव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातपाय धुवायला गेले. त्यांना तेव्हाच कळलं होतं, असं ते आता बाजारात सांगतात. तेव्हा मात्र बोलले नाहीत.

मेन चालू केलं. जोडत आहे, जोडता आलं नाही. मला वाटलं, पुरेसा वेळ बंद ठेवलं नाही. पुन्हा बंद केलं, आणि या वेळी कुणी मध्ये हात घालू नये म्हणून पडवीत मेनच्या खाली खुर्ची टाकून बसले. तुमची आत्या साडी नेसून तयार झाली होती. ती पाळण्याजवळ बसून गोप्याचं टोपडं सारखं करत होती. तिकडे तुमचे पाहुणे यायला लागले असतील, हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं, आणि दोघीही घड्याळाकडे बघत नव्हतो.

"आई, मी निघू का स्टँडवर?" तिनं विचारलं. "निदान त्यांना सांगायला तरी हवं की वाट बघू नका."

मी काहीतरी उत्तर देणार होते, एवढ्यात माजघरातून मिक्सरचा आवाज आला.

मेन बंद असताना मिक्सर कसा चालतो, हा प्रश्न मला पडेपर्यंत मी आत पोहोचले होते. कॉम्प्युटरच्या टेबलावर मिक्सर, मिक्सरच्या झाकणावर वन्संचे दोन्ही हात, इन्व्हर्टर कोकलतोय, आणि मोडेमचा प्लग निघून खाली लोंबतोय. मोडेम काळाठिक्कर. त्यावर एकही दिवा नाही.

"वन्सं, हे काय केलंत?"

"चटणी. बायका येतील, त्यांना नुसते वडे देणार का?"

"मोडेमचा प्लग काढलात?"

"मग कुठे लावू? तुझ्या स्वयंपाकघरातली बटणं मेलीत. इथे दिवे दिसले, म्हटलं इथे वीज आहे."

"अहो, मग पाट्यावर वाटायची."

"पाटा आहे. वरवंटा कुठाय? त्याला तुझ्या लेकीनं टोपडं घालून पाळण्यात निजवलाय. त्याला उठवून मिरच्या वाटू?"

"आणि बटणावर चिठ्ठी आहे ना एवढी, बंद करू नये म्हणून."

"ती इंग्रजीत आहे, वहिनी. मला वाटलं, तू त्या डब्याचं नाव लिहिलंयस."

तुमची आत्या दारात आली होती. ती हसायला लागली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं हसणं, पण मला त्याचं कौतुक करण्याची ताकद नव्हती. जो एक दिवा दिवसभर जळत होता, तोही विझला होता. मी प्लगकडे हात नेला.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "मीठ राहिलंय. एकदा फिरवते."

त्यांनी उठून मीठ आणलं, घातलं, चव घेतली, आणखी एक मिरची आणली, ती घातली, फिरवलं. मग स्वतःच मिक्सरचा प्लग काढला आणि मला म्हणाल्या, "घे तुझं."

मी मोडेमचा प्लग लावला, आशा वाटली म्हणून नव्हे, तर सवयीने. एक दिवा लागला. मग दुसरा, तांबडा, मिचमिचत. मग तो हिरवा झाला. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात पुन्हा चक्र फिरलं आणि थांबलं. जोडलं गेलं, असं लिहून आलं. मी ते मोठ्याने वाचलं, मग मराठीत सांगितलं, मग पुन्हा वाचलं, कारण मला स्वतःलाच ते खरं वाटेना.

नंतर थोरले, तू मला समजावलंस. मोडेमची पहिल्यांदा ज्या यंत्राशी ओळख होते, त्यालाच तो धरून बसतो. राउटर मेला हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसरं कुणी त्याच्या दारात आलं तर तो ओळख देत नाही. त्याची वीज पुरती गेली की तो जुनी ओळख विसरतो आणि नव्याला घरात घेतो. म्हणजे मेन बंद करून मी सबंध घर झोपवलं, वाडीचं पाणी तोडलं, आणि ज्याला झोपवायचं त्याला माझ्याच इन्व्हर्टरने दिवसभर जागं ठेवलं. हे कळलं तेव्हा मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे चटणीनं केलं ना?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग चटणीनं म्हण. फिरवून फिरवून काय सांगतेस?"

पण त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. बायका आल्या, त्यांना वाटलं मी केलं. "आजींना कॉम्प्युटरमधलं कळतं," असं कुणीतरी म्हणालं. मी नुसता पदर सारखा केला. ओठ घट्ट मिटून चेहऱ्यावर नम्रता आणणं मला बरं जमतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. तुमचे बाबा पडद्यावर आले, मागे पाहुणे, आई बाळाला घेऊन बसलेली. इकडे बायकांनी पाळण्याच्या दोन्ही बाजूंनी गोप्याला घेतलं, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, आणि तो या हातातून त्या हातात फिरला. आपला वरवंटा जड आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाय माझी, तुजा भाचा भरपूर खाल्लेला हाय." मग बाबांनी फोन बाळाच्या कानाशी नेला.

"दादा, अजून जवळ," तुमची आत्या म्हणाली. "कानाला लाव."

ती माइकवर वाकली आणि कुर्र म्हणाली. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. "हलू गो," काकू ओरडल्या, "मास्तरीण हाय ती, उद्या आपल्याच पोरांना मारील." त्या गडबडीत तिनं नाव सांगितलं, आणि तिकडे तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता तुम्ही विचाराल, तेव्हा आजी कुठे होती? तुम्हाला ती दिसली नाही. आजी टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी मोडेमचा प्लग दाबून उभी होती. पुन्हा कुणाला चटणी लागली तर? आजोबांना मी पडवीत मेनखालच्या खुर्चीवर बसवलं होतं. त्यामुळे नाव ठेवलं गेलं आणि ते मला ऐकूच आलं नाही.

बायका वड्यांवर बसल्या तेव्हा मी हळूच पडवीत गेले. "अहो, काय नाव ठेवलं?"

"मला काय विचारतेस? तूच इथे बसवलंस," आजोबा म्हणाले.

वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाठीत मारण्याच्या नादात ऐकलं नाही गं. असेल चांगलंच." लेकीला विचारायची सोय नव्हती. सगळा दिवस जिच्यासाठी धडपडले, तिला कोणत्या तोंडाने सांगू की मी नेमकं तेवढंच ऐकलं नाही?

म्हणून मी पुन्हा कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. तिकडे मोठी माणसं पांगली होती आणि पडद्यात तुम्ही दोघंच होतात. मी धूर्तपणे विचारलं, "काय रे, भावाचं नाव आवडलं का?"

"हो," धाकट्या, तू म्हणालास.

"कसं आहे?"

"चांगलं आहे."

मग मला सरळच विचारावं लागलं. थोरले, तू म्हणालीस, "आजी, तू तिथेच होतीस ना?" आणि धाकट्याने फोनला अगदी तोंड लावून, जसं बाळाच्या कानात सांगायचं तसं, मला ते नाव सांगितलं.

मागे आवाज झाला म्हणून मी वळले. तुमची आत्या वड्याची बशी घेऊन माझ्यासाठी आली होती. इतके दिवस ते नाव तिच्या एकटीकडे होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं होतं. बशी तशीच हातात धरून ती माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकली.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

धाकट्या, तू पुन्हा म्हणालास. मग ती नको म्हणेपर्यंत म्हणत राहिलास, आणि तिनं बराच वेळ नको म्हटलं नाही.